वाचकांचे प्रश्न : उंबरठ्यावरची जागल

गेल्या अंकातल्या एका लहान टिपणात आम्ही लिहिलं होतं की नाकातोंडावाटे दिलेली लस फुप्फुसातल्या जन्मजात प्रतिकारशक्तीलाही, म्हणजे कोणत्याही जंतूवर सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या संरक्षणालाही, तयार करू शकते, आणि ही तयारी एकाच जंतूपुरती नसते. त्यावर वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून पत्रं आली. कोंबड्यांविषयीचं पत्र मुद्दाम सविस्तर घेतलं आहे. नाकातली लस रोजच्या कामात वापरणारे आपल्याकडे सगळ्यात जास्त कोण असतील, तर ते कोंबडीपालकच.

प्रश्न : जन्मजात म्हणजे जन्मापासून आहे तशी. मग ती शिकेल कशी? आम्ही तर वर्गात सांगतो की आठवण फक्त प्रतिपिंडांना असते. (शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा)

सर, पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत सगळी पुस्तकं हेच सांगत होती. आता त्यात भर पडली आहे.

हरभऱ्याच्या वावरात रात्रीची जागल तुमच्या मुलांनी पाहिलेली असेल, तिच्यावरूनच सांगा. नवखा माणूस मचाणावर बसला की पहिल्या रात्री रानडुकरं अर्धं पीक तुडवून जातात, तेव्हा कुठे तो उठतो. त्यानंतर महिनाभर त्याची झोप सावध होते. बॅटरी, डबा, काठी उशाशी असते. पुढच्या खेपेला रानडुकराऐवजी रोही आले तरी तो वेळेत उठतो. जन्मजात प्रतिकारशक्तीचं प्रशिक्षण असंच असतं. प्रतिपिंड आणि टी-पेशी (ठरावीक जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) यांची आठवण वेगळी, ती खूर पाहून नेमकं जनावर ओळखणाऱ्या वाटाड्यासारखी. तो अचूक असतो, पण नव्या जनावराचा माग शिकायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस वावर राखतो तो जागल्याच.

पेशीच्या आत काय होतं ते असं. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळलेला भाग वाचता येत नाही. लशीचा संकेत मिळाला की काही रिळांवर रासायनिक खुणा बसतात आणि जंतूशी लढणाऱ्या जनुकांजवळचा धागा सैल होतो, तो पुढे बराच काळ सैलच राहतो. डीएनएची अक्षरं तीच राहतात. सोबत पेशीचं इंधनही बदलतं, ती साखर झटपट जाळू लागते. त्यामुळे दुसरा जंतू आला की प्रतिसाद लवकर आणि जोरात मिळतो. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या मिहाई नेतेआ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याला 'प्रशिक्षित प्रतिकारशक्ती' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवलं की बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्या निरोगी माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन महिन्यांनंतरही क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंना जास्त जोराने उत्तर देतात.

यात एक कोडं होतं. या पेशी, म्हणजे मोनोसाइट, रक्तात जेमतेम काही दिवस जगतात. मग तीन महिन्यांची आठवण ठेवतं कोण? उत्तर अस्थिमज्जेत सापडलं. उंदरांवरच्या प्रयोगांत बीसीजी मज्जेतल्या मूळ पेशींनाच बदलते असं दिसलं, त्यामुळे तिथून येणारी पुढची पिढीही सावध असते.

फुप्फुसाची व्यवस्था मात्र निराळी आहे, आणि श्लेष्मल लशीचा, म्हणजे नाकातोंडाच्या ओल्या अस्तरावर दिलेल्या लशीचा, मुद्दा इथेच येतो. वायुकोशातल्या भक्षक पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, जन्माच्या सुमारास तिथे वस्तीला येतात आणि जागच्या जागीच स्वतःची भरती करत राहतात, मज्जेवर फारशा अवलंबून नसतात. त्यांना शिकवायचं तर संकेत फुप्फुसापर्यंत गेला पाहिजे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात उंदरांच्या नाकातून अ‍ॅडेनोव्हायरस दिला. त्यानंतर कित्येक आठवडे या पेशी सावध राहिल्या आणि संबंध नसलेला न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जीवाणू त्यांनी लवकर संपवला. मात्र सुरुवातीला टी-पेशींनी सोडलेलं गॅमा इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन मिळालं नाही, तर हे प्रशिक्षण झालंच नाही. म्हणजे वाटाड्यानेच जागल्याला हलवून जागं केलं. फळ्यावर दोन वेगळे चौकोन काढून या दोन शक्ती दाखवतो, त्यांच्यामध्ये एक बाण आता काढायला हवा.

प्रश्न : दंडातलं इंजेक्शन आणि नाकातले थेंब यांत नेमका फरक काय? थेंब देताना काय चुकू शकतं? (आशाताई, ता. धारणी, जि. अमरावती)

इंजेक्शनने रक्तात आयजीजी प्रकारचे प्रतिपिंड भरपूर तयार होतात. ते फुप्फुसाच्या खोल भागात झिरपतात, म्हणून गंभीर आजार अडतो. नाकाच्या ओल्या अस्तरावर ते फार कमी पोहोचतात. तिथे लागतं आयजीए, आणि ते अस्तराखालच्या पेशीच बनवतात. म्हणून इंजेक्शन घेतलेल्या माणसाला आजार हलका होतो, तरी नाकात विषाणू वाढून दुसऱ्याला लागू शकतो. नाकातून दिलेल्या लशीने तिथे आयजीए बनावं, टी-पेशी कायम मुक्कामाला राहाव्यात आणि भक्षक पेशी सावध व्हाव्यात, अशी तिहेरी अपेक्षा असते.

माणसांतला पुरावा अजून थोडा आहे. मॅकमास्टरच्याच गटाने क्षयाची एक नवी लस काही जणांना वाफाऱ्यासारखी श्वासातून दिली, काहींना दंडात. श्वासातून दिलेला डोस इंजेक्शनपेक्षा खूपच कमी होता. तरी फुप्फुसात टी-पेशी सापडल्या त्या श्वासातून लस घेतलेल्यांच्याच, आणि त्यांच्या भक्षक पेशींच्या वागण्यातही बदल दिसला.

आपल्या देशात कोविडसाठी 'इन्कोव्हॅक' या नाकातल्या लशीला सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. एका डोसला अर्धा मिली, म्हणजे आठ थेंब, प्रत्येक नाकपुडीत चार. दुसरा डोस २८ दिवसांनी. त्याआधी २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूसाठी नाकात फवारायची जिवंत लस आणली होती, प्रत्येक नाकपुडीत पाव मिली. तिच्यातला विषाणू थंडीला सरावलेला असतो. नाकातल्या गारव्यात तो वाढतो, फुप्फुसाच्या ऊबेत वाढू शकत नाही.

आता चुकतं कुठे ते पाहू. ऑक्सफर्डची कोविड लस नाकात फवारून पाहिली, तेव्हा थोड्याच लोकांच्या नाकात प्रतिपिंड दिसले. फवाऱ्याचा बराच भाग घशातून पोटात गेला असावा, असं कारण संशोधकांनी सुचवलं. तीच लस, पण थेंबाचा आकार, फवाऱ्याचा कोन आणि डोकं कसं धरलं यावर सगळं ठरतं. म्हणून पुढे अशी लस तुमच्या केंद्रावर आली तर या गोष्टी पाहा. नाक गच्च चोंदलं असेल तर लस पुढे ढकला, शेंबडाच्या थराखाली ती पोहोचत नाही. आधी नाक हलकं शिंकरून घ्यायला सांगा. थेंब असतील तर मान मागे टेकवा, फवारा असेल तर माणूस सरळ बसलेला ठेवा. त्या लशीच्या पत्रकात दिलेली पद्धत अंतिम माना. ड्रॉपरचं टोक नाकाला लागू देऊ नका, लागलं तर पुढच्या माणसाला तो ड्रॉपर वापरायचा नाही. जोरात सुर्रकन ओढायला सांगू नका, ओढलं की लस घशात जाते. फ्लूची फवारा-लस दिल्यावर शिंक आली तर डोस पुन्हा देत नाहीत. गरोदर बाई, प्रतिकारशक्ती दबलेला रुग्ण आणि वर्षभरात छातीत घरघर झालेलं दोन ते चार वर्षांचं मूल यांना फ्लूची जिवंत नाक-लस चालत नाही. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध घेऊन ४८ तास झाले नसतील तर लशीतला विषाणूच मरतो, डोस वाया जातो.

प्रश्न : आमच्याकडे दोनशे गावरान कोंबड्या आहेत. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दरवर्षी देतो, तरी काही मरतातच. नाकात थेंब देण्याने खरंच फरक पडतो का? पाण्यातून दिली तर सोपं जातं. (कोंबडीपालक, ता. पुसद, जि. यवतमाळ)

दादा, फरक पडतो, आणि मर होण्याची कारणं बहुतेक वेळा लस देण्याच्या पद्धतीतच सापडतात.

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेले प्रतिपिंड असतात. इंजेक्शनची लस ते मारून टाकतात. डोळ्यात किंवा नाकात टाकलेली लासोटा किंवा एफ ही मानमोडीची जिवंत लस अस्तरावरच वाढते, म्हणून आईच्या प्रतिपिंडांच्या तावडीतून बरीचशी सुटते. कोंबडीच्या डोळ्यामागे हार्डर नावाची ग्रंथी असते, तिथे आयजीए बनतं. शिवाय लशीतला जिवंत विषाणू अस्तरात वाढू लागला की एक-दोन दिवसांतच इंटरफेरॉन सुटतं, ही जन्मजात शक्तीची पहिली हाळी. याचा एक तोटाही आहे. मानमोडीची आणि ब्रॉंकायटिस या कोंबड्यांच्या श्वासरोगाची लस थोड्या दिवसांच्या अंतराने दिली तर एकीमुळे दुसरी दबते. दोन्ही द्यायच्या असतील तर जोडलस घ्या, नाहीतर पशुवैद्यकाला विचारून पुरेसं अंतर ठेवा.

थेंबाची पद्धत अशी. शंभर डोसच्या बाटलीला सोबतचं द्रावण साधारण तीन मिली लागतं, म्हणजे एक थेंब ०.०३ मिलीचा पडतो. ड्रॉपर दुसरा वापरला तर थेंब मोठा पडतो आणि साठ पिल्लांतच बाटली संपते. मग उरलेल्यांसाठी लोक पाणी घालतात, आणि मर तिथूनच सुरू होते. द्रावणात निळा रंग असेल तर बरं, कोणत्या पिल्लाला दिली ते दिसतं. डोळ्यात टाकलेला थेंब पापणी मिटून आत जाईपर्यंत पिल्लू सोडायचं नाही. नाकात टाकत असाल तर दुसरी नाकपुडी बोटाने बंद करा, म्हणजे पिल्लू थेंब आत ओढतं. बाटली बर्फाच्या थर्मासात ठेवा आणि उघडल्यावर दोन तासांत संपवा. दुपारच्या उन्हात, तेही मे महिन्यात, लस काढूच नका. पहाटे सुरू करा.

पाण्यातून द्यायचीच असेल तर नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन लस मारतं. विहिरीचं पाणी घ्या. दोन दिवस आधीपासून पाण्यात लाल औषध, ब्लिचिंग, काहीही घालू नका. लिटरमागे अडीच ते पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग लस मिसळा. भांडी प्लास्टिकची घ्या, पत्र्याची नकोत. आधी कोंबड्या तासभर तहानलेल्या ठेवा, उन्हाळ्यात त्याहून जास्त नको. दोन तासांत सगळं पाणी संपेल एवढंच भरा. तरीही गावरान कळपात दुबळी कोंबडी भांड्यापाशी पोहोचत नाही, दांडगी दोन डोस पिते. तुमच्याकडच्या 'काही मरतातच' मागे हेच असण्याची शक्यता मोठी आहे. दोनशे पक्ष्यांना हाताने थेंब देणं दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे. ते कराच, ही आमची आग्रहाची विनंती.

पहिल्या आठवड्यात थेंब, चार-पाच आठवड्यांनी पुन्हा लासोटा, आणि आठ आठवड्यांनंतर पंखाखाली कातडीत अर्धा मिली आर-टू-बी ही मानमोडीचीच लस. ही शेवटची लस तेज असते. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना दिली तर तीच मानमोडीसारखं करते. लस दिल्यावर तीन-चार दिवस हलकी शिंक, डोळ्याला पाणी चालतं. आधीच घरघर करणाऱ्या कळपाला लस देऊ नका, जीवाणूंचा जुना आजार उफाळतो.

(आपल्या आजे-पणज्यांनी १९१८ च्या फ्लूच्या साथीलाही मानमोडीच म्हटलं होतं. माणूस काय, पक्षी काय, श्वासाचा आजार मान टाकायला लावतो हे त्यांनी पाहिलं होतं.)

प्रश्न : गावात साठीवरच्या माणसांना बीसीजी दिली. सासऱ्यांना दरवर्षी छातीत कफ होतो, आता तो कमी होईल का? (गृहिणी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

ताई, तशी खात्री देता येणार नाही. २०२४ मध्ये देशात प्रौढांना बीसीजी देण्याचा जो अभ्यास सुरू झाला, तो क्षय रोखण्यासाठी आहे. साठीवरचे, मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे, फार कृश, पूर्वी क्षय झालेले आणि क्षयरुग्णाच्या घरातले यांना त्यात घेतलं. इतर आजारांवरच्या परिणामाचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मतःच बीसीजी दिल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले, हा तीन चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष. दक्षिण भारतात बीसीजीचा रशियन वाण देऊन केलेल्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि युरोपातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीत बीसीजीने कोविडही कमी झाला नाही. वाण वेगळा, वय वेगळं, आणि तिथे लस कातडीत दिली होती, फुप्फुसात नाही. सासऱ्यांचा दरवर्षीचा कफ जुनाट श्वासनलिकादाह असू शकतो, तो तपासून घ्या. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस त्यांच्यासाठी जास्त कामाची आहे. फ्लूची लस पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात घ्यावी.

प्रश्न : बाळाच्या दंडावर बीसीजीची जखम झाली, पू येतो. काय लावावं?

काहीच लावू नका. दोन-तीन आठवड्यांनी गाठ, मग लहान जखम आणि दोन-तीन महिन्यांत वण, हा बीसीजीचा नेहमीचा क्रम आहे. जखम कोरडी व स्वच्छ ठेवा. काखेत मोठी गाठ आली किंवा ती फुटली तर दाखवा. सुई कातडीच्या थरात न राहता खोल गेली की असं होतं. वण आला नाही म्हणून लस पुन्हा द्यायची नसते.

प्रश्न : पोलिओचे थेंब पोटात जातात. त्यांचा छातीला काय उपयोग? (अंगणवाडी सेविका, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

मुख्य उपयोग आतड्यालाच. पण १९६० आणि ७० च्या दशकांत सोव्हिएत संघात मरीना वोरोशिलोवा यांनी मोठ्या गटांना तोंडावाटे पोलिओ लस देऊन पाहिलं, तर फ्लूच्या काळात त्या गटांत आजार कमी आढळला. त्यांच्या मते लशीतल्या जिवंत विषाणूने इंटरफेरॉन जागं केलं होतं. हा परिणाम थोड्या आठवड्यांचाच. त्यासाठी जादा थेंब देण्याची गरज नाही. बाळाने थेंब लगेच थुंकले तर पुन्हा द्या. बाटलीवरचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाहून फिका आहे ना, ते दर वेळी पाहा. अंगावर पाजणं थेंबांच्या आधी किंवा नंतर थांबवायचं कारण नाही.

प्रश्न : जागल्या जास्तच तापट झाला तर? (विद्यार्थी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

धोका आहेच. सतत सावध राहिलेल्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत सूज धरतात, दम्याच्या रुग्णात घरघर वाढवू शकतात. उलटही होतं: जोराचा फ्लू किंवा न्यूमोनिया होऊन गेल्यावर भक्षक पेशी काही आठवडे सुस्तावतात आणि मग जीवाणूंचा दुसरा न्यूमोनिया होतो. नाकाच्या लशीला जोड म्हणून काय मिसळायचं, हाही नाजूक प्रश्न आहे. २००० सालच्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये फ्लूच्या एका नाक-लशीत ई. कोलाय जीवाणूचं विष उत्तेजक म्हणून घातलं होतं. काहींचा चेहरा एका बाजूने लुळा पडला आणि लस मागे घ्यावी लागली. नाकाच्या छतापासून मेंदू फार जवळ आहे, म्हणून या लशींची सुरक्षितता तपासायला वेळ लागतो. तो वेळ दिलाच पाहिजे.

प्रश्न : लस येईल तेव्हा येईल. तोवर लेकरांच्या नाकात तेल सोडावं का? भीमसेनी कापराची पुरचुंडी बांधावी का? (आजी, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

आजी, तान्ह्या बाळाच्या नाकात तेल किंवा तूप कधीच सोडू नका. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं, भक्षक पेशी ते पचवू शकत नाहीत, त्या तेलाने फुगून बसतात आणि न्यूमोनिया होतो. कापूरही दोन वर्षांखालच्या लेकरापाशी नको. तो पोटात गेला तर झटके येतात. नाक चोंदलं असेल तर उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात, म्हणजे सुमारे पाव लिटरमध्ये, अर्ध्या लहान चमच्याहून थोडं कमी मीठ घाला आणि पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडा. हे पाणी रोज ताजं करा.

पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्यांचा धूर श्वासमार्गाच्या अस्तरावरचे, कचरा बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस संथ करतो. भक्षक पेशींत काजळी भरते आणि जंतू गिळायची त्यांची ताकद कमी होते. अशा फुप्फुसाला उद्या कितीही चांगली लस मिळाली तरी शिकणाऱ्या पेशीच धुराने बेजार असतील. स्वयंपाक होईपर्यंत बाळ चुलीपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात लाकूडफाटा कोरडा ठेवा, ओल्या फाट्याचा धूर सगळ्यात वाईट.

खोकला आला की बाळ शांत असताना, झोपलेलं किंवा पाजून झाल्यावर, पोट-छाती वर-खाली होते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना हेच मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं, आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटल्याचं १९९० मध्ये प्रसिद्ध केलं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर उशीर करू नका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि बाळ छातीशी उबेत धरून निघा.